थांब म्हनलास का त्याला?

सांगितलं तेवढंच करणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा मामा. मामीनं एकदा सांगितलं, "कशेळ्याला चांगली सुकट मिळते का बघा." हा पळसदरीहून दोन गाड्या बदलून गेला, रिकामी पिशवी घेऊन परत आला आणि म्हणाला, "मिळते." भाजीच्या वाफ्यात पाणी सोडायला सांगितलं, तर सोडलं आणि ओटीवर जाऊन बसला. पाणी शेजाऱ्याच्या अंगणात शिरलं तेव्हा म्हणतो कसा, "सोडा म्हनलीस. बंद करा कुटं म्हनलीस?" मामी कपाळाला हात लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच काम सांगायची.

मी तेव्हा त्यांच्याकडे राहून खालापूरजवळच्या एका कारखान्यात जात होतो. तिथे नवाच कॉम्प्युटर आला होता. यंत्र समोर दिसायचं, पण त्यानं काय करायचं ते ओळीओळीनं लिहून द्यावं लागे. त्या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात, एवढं मला शिकवलं होतं. कामगारांची यादी छापायच्या सूचना मी लिहिल्या होत्या. चार वाजता मोठे साहेब बघायला येणार होते. जमलं नाही तर माझी रवानगी पुन्हा गोदामात. साडेतीन वाजले तरी ते मेलं यंत्र शेवटच्या नावाशी पोचलं की तेच नाव छापत सुटायचं. कागदाचा ढीग गुडघ्यापर्यंत आला.

तेवढ्यात चपला हातात घेऊन मामा आत आला. मी डबा घरी विसरलो होतो, आणि मामीनं "त्याच्या हातात द्या" असं सांगितलेलं, म्हणून हा वॉचमनशी तासभर भांडून आत शिरला होता. डबा माझ्या हातात ठेवून तो कागदाकडे बघत राहिला.

"येकच नाव का रं?"

"बिघडलंय मामा. यादी संपली तरी थांबत नाही."

"थांब म्हनलास का त्याला?"

मी सूचना पुन्हा वाचल्या. नाव घे, छाप, पुढचं घे. यादी संपली की थांब, ही ओळच नव्हती. चारला पाच कमी असताना ती घातली. यादी छापून झाली आणि यंत्र गप्प बसलं.

"शाणं हाय," मामा म्हणाला. "सांगितलं तेवडंच करतं." इतक्या आपुलकीनं त्याला कुणाबद्दल बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढे मामीला दवाखान्यात न्यायला जीप आली. जाताना ती त्याला म्हणाली, "तुमी घरीच थांबा. मी येईस्तवर कडी लावू नका." ती आली नाही. मामा अजून दार उघडं ठेवून ओटीवर झोपतो. गावातले हसतात. त्यानंतर कितीतरी यंत्रांना मी थांब सांगायची ओळ लिहून दिली. मामाला 'आता कडी लाव' सांगायला जातो आणि त्याच्याशेजारी ओटीवर बसून परत येतो.