लोटन मिस्त्रीची बिगारी

धुळ्यात पारोळा रस्त्याच्या चौफुलीवर सकाळी आठच्या सुमारास कामाच्या शोधात माणसे उभी राहतात. त्या गर्दीत काही शिस्त नाही असे मोटारीतून जाणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तेथे कोणी कोठे उभे राहायचे हे कोणी न ठरवता ठरलेले आहे. चहाच्या टपरीलगत मिस्त्री, म्हणजे गवंडी, थापी आणि ओळंब्याची पिशवी खांद्याला लावून उभे असतात. त्यांच्या मागे पुरुष बिगारी असतात. बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर बाया बसतात. ज्या बायांचे नवरेच मिस्त्री आहेत त्या मात्र पायरीवर बसत नाहीत. त्या नवऱ्याच्या डाव्या हाताला उभ्या राहतात आणि जोडीनेच कामावर जातात.

मंदाबाई एकवीस वर्षे अशी डाव्या हाताला उभी राहिली. लोटन मिस्त्री गेल्याला आता चौदा महिने झाले होते. तरी ती पायरीवर जाऊन बसली नव्हती. टपरी आणि पायरी यांच्या मधोमध, विजेच्या खांबापाशी, ती एकटीच उभी राही. पायरीवरच्या बाया पहिल्या महिन्यात तिला सरकून जागा देत होत्या. पुढे त्यांनी सरकणे सोडून दिले.

वय एक्कावन्न. गुडघे धरलेले. घमेले डोक्यावर घेऊन परांचीची तिसरी फळी चढताना तिला आता मध्येच थांबून श्वास घ्यावा लागे, आणि ठेकेदारांच्या नजरेतून ते सुटत नसे. आठवड्यातून तीन दिवस तिला कोणी नेत नसे. नऊ वाजता चौफुली ओस पडली की ती साक्री रस्त्याकडच्या आपल्या खोलीवर परत जाई आणि दार आतून लावून घेई. एकुलती मुलगी मोहिनी शिरपूरला दिली होती. तिचा फोन रविवारी येत असे.

जळगावच्या एका संस्थेची नूतन नावाची मुलगी चौफुलीवर आली ती याच दिवसांत. बांधकामावरच्या मजुरांना कोणकोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे, याची पाहणी दीपनगरपासून पिंपळनेरपर्यंत चालली होती आणि धुळे तिच्या वाट्याला आले होते. ज्याला काम येते त्याने ते करून दाखवायचे आणि मिस्त्रीचे प्रमाणपत्र घ्यायचे. ज्याला येत नाही त्याने तीन महिने वर्गात शिकायचे आणि मग घ्यायचे. पाहणीची यादी शेवटी चौफुलीवरच लावली जाणार होती: नाव, काम, त्या कामाचा अनुभव किती वर्षांचा, आणि शिकवले कोणी.

"मावशी, तुम्हाला काय काय काम येतं?" नूतनने विचारले.

"माले काय येस? माल कालवसू, घमेलं उचलसू."

"आणखी?"

"पाणी मारसू."

टपरीपाशी झुलाल मिस्त्री चहा पीत होता. चाळिशीतला हा गडी लोटनच्या हाताखाली तयार झालेला आणि तोंडाचा मोकळा. तो म्हणाला, "अक्काले बठ्ठं येस, ताई. फक्त बोलाले येत नही. लोटननाना व्हतात तवय दिवसभर भाजीन्या गोष्टी चालेत यास्न्या. मीठ कमी, मीठ जास्त! आम्हले वाटे, नाना भिंत बांधी ऱ्हायनात का वांगानी भाजी करी ऱ्हायनात!"

सारे हसले. मंदाबाईही ओठ मिटून हसली. प्रशिक्षण कोणते हवे, या प्रश्नावर तिने "काहीच नको" असे उत्तर दिले आणि नूतनने तसे लिहून घेतले.

त्या मिठाची हकीकत अशी होती.

सात वर्षांपूर्वी देवपुरात एका घराच्या मोरीचा ढाळ चुकला. पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे आले. लोटनने मालात खोट काढली, बिगाऱ्याला बोल लावला, ढाळ पुन्हा केला आणि तो पुन्हा चुकला. घरी आल्यावर त्याने ओळंबा डोळ्यांसमोर लोंबता धरून पाहिला. मग म्हणाला, "मंदे, ओळंबाना दोरा माले दिसत नही." डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने जितकी टिकेल तितकी टिकेल, असेही सांगितले.

ज्याला दोरा दिसत नाही तो मिस्त्री नव्हे, हे चौफुलीवरच्या लहान पोरालाही कळते. मिस्त्रीच्या तळहाताला भिंतीची खरखर समजते. भिंतीचे पोट सुटले असेल तर ते समजत नाही, त्याला डोळाच लागतो. तो डोळा मंदाबाईने पुरवला. डोक्यावर घमेले घेऊन ती भिंतीच्या कडेला क्षणभर थांबे आणि तिरप्या उजेडात भिंतीवरून नजर सरळ पलीकडे नेई. पोट दिसले की म्हणे, "मीठ जास्त व्हयी गयं." खळगा दिसला की म्हणे, "मीठ कमी शे." लोटनचा हात त्या बाजूला वळे. ऐकणाऱ्यांना वाटे, बाईला सकाळच्या भाजीची चुटपुट लागली आहे.

पुढे नजर आणखी गेली तेव्हा मीठही पुरेना. दुपारी इतर माणसे लिंबाखाली डबे सोडत, तेव्हा ही दोघे आत राहत. लोटन भिंतीला पाठ टेकून बसे आणि शेवटचा हात मंदाबाई फिरवी. बाईने थापी धरायची नाही हा रिवाज. दसऱ्याला हत्यारांची पूजा होई तेव्हाही तिने फुले लांबून वाहिली होती. आता त्याच थापीने ती गिलावा घोटत होती आणि तो कान देऊन ऐकत होता. "आवाज ओला येस. थांब जरा. आते फिरव. दाब नको." पुढच्या काही वर्षांत तिचा हात असा तयार झाला की लोटन मिस्त्रीच्या भिंती उतारवयात अधिक देखण्या झाल्या, असे लोक म्हणू लागले. शिरपूरला मोहिनीच्या घराचा गिलावा त्याच काळातला. तिचे सासरे पाहुण्यांना ती भिंत हात लावून दाखवत आणि "आमच्या व्याह्यांचा हात" असे सांगत.

हे दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. आणि चौदा महिन्यांपूर्वी त्या दोघांतला एक गेला.

पाहणीचा दुसरा भाग कामावर जाऊन मजुरांना पाहण्याचा होता. त्या दिवशी झुलालने साक्री रस्त्यावर एका घराचे काम घेतले होते. मंदाबाईला त्याने जुन्या ओळखीने बरोबर नेले होते. नूतन हातात भिंतीची सपाटी तपासायचा अ‍ॅल्युमिनियमचा पाटा आणि कागद घेऊन कोपऱ्यात उभी होती. झुलाल गिलावा चढवत होता. मंदाबाई घमेले घेऊन आली, भिंतीच्या कडेला थांबली आणि सवयीने बोलून गेली, "मीठ जास्त व्हयी गयं. खिडकीजोडे."

बोलल्यावर तिच्या ध्यानात आले, की ऐकणारा परांचीवर नाही.

"कोणले सांगी ऱ्हायनी, अक्का?" झुलाल वरून हसत म्हणाला. "डबा उघडाले आजून एक तास शे!"

नूतन मात्र हसली नाही. ती खिडकीपाशी गेली आणि तिने पाटा लावला. खिडकीच्या बरोबर डावीकडे भिंत चार मिलिमीटर पुढे आली होती. तिने झुलालला खूण करून ते दाखवले. झुलालने पाट्याकडे पाहिले, मग मंदाबाईकडे पाहिले. त्याचे हसू हळूहळू ओसरले. सहा वर्षे ऐकलेली भाजी तो मनात पुन्हा ऐकत असावा. घमेले तेथेच ठेवून मंदाबाई पाणी आणायला गेली.

हौदापाशी तो तिच्या मागोमाग आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "अक्का, मी कोणले सांगाव नही. पण एक विचारू? मालेगाव रोडना दवाखानानी ती भिंत. ती देखीसन मी नानास्ना पाया पडनू व्हतू. ती कोणना हातनी शे?"

"ती त्यासनीच शे," मंदाबाई म्हणाली.

ते खरे नव्हते. त्या भिंतीवर लोटनचा हात फिरलाच नव्हता. झुलालने मान हलवली आणि तो परत परांचीवर चढला. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला, की ठेवल्यासारखे केले, हे तिला कधीच कळले नाही.

दुपारी नूतन तिच्याजवळ येऊन बसली. "मावशी, ज्याला इतकं बारीक दिसतं त्याचा हातही चालत असणार. शुक्रवारी चाचणी आहे. एक भिंत करून दाखवा. प्रमाणपत्र लगेच मिळेल. मिस्त्री म्हणून तुम्हाला काम मिळेल, घमेलं उचलावं लागणार नाही. दोन जिल्ह्यांत माझ्या यादीत एकही बाई मिस्त्री नाही."

"आणि शिकाडं कोणी, ते लिखशी?"

"पाहून शिकल्या, असं लिहू."

"देखीसन हात वळत नही, ताई. हाई चौफुलीवर बठ्ठासले माहीत शे."

तेच खरे होते. आपण अक्षरावरून माणूस ओळखतो, तसे मिस्त्री गिलाव्यावरून हात ओळखतात. तिने एक भिंत मनापासून केली असती, तर पाहणाऱ्या दहांपैकी नवांनी ती लोटनची म्हटली असती. मग हिशेब लागायला कितीसा वेळ? आंधळा मिस्त्री, बायकोच्या हाताने खाणारा, असे शब्द झाले असते. सहा वर्षांतल्या प्रत्येक घराच्या मालकाने आपल्या भिंतीत तडा शोधला असता. वास्तविक तो हात एकटा तिचाही नव्हता. तिचा डोळा, तिचे मनगट, त्याचा कान आणि त्याची तीस वर्षे मिळून तो झाला होता. नूतनच्या कागदावर मात्र एका ओळीत एकच नाव मावत होते.

संध्याकाळी तिने मोहिनीला फोन लावला. रविवार नसताना आईचा फोन आला म्हणून मुलगी घाबरली. मंदाबाईने तिला सारे सांगितले. तिने हे आयुष्यात प्रथमच कोणाला सांगितले होते. मोहिनी म्हणाली, "म्हणजे आमची भिंत?"

"व्हय."

"आई, मामंजी रोज त्या भिंतीला हात लावतात गं." "तू हे कोणाला सांगू नकोस. बाबांचं नाव तेवढंच राहिलंय आपल्याकडे."

"नही सांगत," मंदाबाई म्हणाली. आपल्या हातांविषयी मुलगी एखादा शब्द बोलेल म्हणून ती फोन कानाशी धरून राहिली. मोहिनीने गुडघ्यांना तेल लावतेस ना, असे विचारले आणि फोन ठेवला.

चाचणीला गेली नाही तर नूतनचा संशय तसाच राहील, म्हणून मंदाबाई गेली. शुक्रवारी अर्धवट बांधलेल्या एका सभागृहात प्रत्येकाला हातभर रुंद आणि पुरुषभर उंच भिंत नेमून दिली होती. मंदाबाईसमोर नवी थापी ठेवलेली होती. चारचौघांत थापी उचलण्याची ही तिची पहिलीच वेळ. पाच-सहा मिस्त्री मजा पाहायला जमले होते. झुलाल मागे, दाराशी उभा होता.

वाईट भिंत करणे इतके कठीण असेल अशी तिची कल्पना नव्हती. माल भिंतीवर मारला की तो आपोआप सारखा बसे. तिने मनगट आखडून घेतले, थापी मुठीत कोयत्यासारखी धरली, खालून वर जायचे ते वरून खाली आली. खळगा दिसला की हात तिकडे धावे आणि तिला तो आवरावा लागे. घामाने तिचा पदर भिजला. अर्ध्या तासाने भिंतीला वर पोट आले, खाली माल गळून पडला. मिस्त्री हसले. "ऱ्हाऊ द्या अक्का, घमेलंच बरं!" एकजण म्हणाला. झुलाल हसला नाही. तो दारातून बाहेर गेला.

नूतनने पाटा लावायची तसदी घेतली नाही. जवळ येऊन ती हलकेच म्हणाली, "मावशी, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"जे दिसस ते लिख, बेटा."

"मग वर्गात तरी नाव घालू? तीन महिने बसावं लागेल. जे येतं तेच शिकावं लागेल."

"घाल. मंग शिकाडं कोणी, ते लिखता येई."

नूतनने लेखणी काढली. अनुभव: नाही. शिकवणारा: कोणी नाही. प्रशिक्षणाची गरज: आहे. आधीचे "काहीच नको" तिने एका रेघेने खोडले. मंदाबाईने खाली अंगठा न लावता सही केली. तीही लोटननेच शिकवलेली होती.

वर्ग पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू झाला. अकरा तरुण मुलगे होते आणि मंदाबाई. शिकवणारा नवीन नावाचा, जेमतेम तिशीचा, पदविका घेतलेला, नीटनेटका आणि मनापासून शिकवणारा होता. थापी कशी धरायची हा पहिला धडा. तो एकेकापाशी जाऊन बोटे बसवून देत होता. मंदाबाईने थापी मुठीत आवळली होती. "मावशी, अशी नाही. अंगठा दांड्यावर, असा आडवा ठेवा. मनगट सैल सोडा. आता फिरवा बरं."

तिने अंगठा आडवा ठेवला, मनगट सैल सोडले आणि समोरच्या फळीवर थापी एकदाच फिरवली. माल काचेसारखा पसरला.

"वा!" नवीन खूश होऊन म्हणाला. "पाहा रे पोरांनो. मावशी किती लवकर शिकतात!"

मंदाबाईच्या पोटातून हसू उसळले. ते कोणाला तरी दाखवावे म्हणून तिने एकवीस वर्षांच्या सवयीने चटकन उजवीकडे मान वळवली. उजवीकडचे बाक रिकामे होते. पलीकडच्या बाकावरची मुले आपापल्या थाप्यांकडे पाहत होती. तिने हसू गिळले, थापी पुन्हा उचलली आणि मास्तर सांगत होते त्याप्रमाणे, पहिल्यापासून, सावकाश फिरवायला लागली.