साडूभाऊंचं अर्धं क्रेडिट

आखातात वाढलेल्या मराठी मुलांपैकी एकानेही शाळेतले विषय स्वतः निवडलेले नाहीत. ते सगळे आमच्या साडूभाऊंनी निवडलेले आहेत. ह्यात अतिशयोक्ती आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने शारजात रोल्लाजवळच्या त्यांच्या घरी शनिवारी संध्याकाळी एकदा जाऊन यावं. दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. आत एखादं जोडपं आपल्या आठवीतल्या कन्येला मध्ये घेऊन मुलगी दाखवायला आल्यासारखं अवघडून बसलेलं असतं, आणि साडूभाऊ चष्मा कपाळावर चढवून विचारत असतात, "बायोलॉजी का नको? काय वाकडं केलंय तिने तुमचं?" हे गृहस्थ शिक्षक नाहीत, शाळेशी त्यांचा संबंध पालक म्हणून आला तेवढाच. पोटासाठी ते एका कंपनीत एसीच्या डक्टची डिझाइनं करतात. पण थंड हवा कुठून कुठे न्यायची ह्यापेक्षा दुसऱ्यांची मुलं कुठून कुठे न्यायची ह्यात त्यांचा जीव जास्त रमतो.

इथल्या अमेरिकन पद्धतीच्या शाळांत नुसतं पास होऊन भागत नाही. नववी ते बारावी अशी चार वर्षं विषयाविषयाची क्रेडिट्स जमवावी लागतात, आणि कुठल्या विषयाची किती, हे ठरलेलं असतं. हे नव्या पालकांना समजावताना साडूभाऊ ताटाचा दाखला देत. "हे बघा, भात चारदा घेतला म्हणजे जेवण झालं असं नाही. वरण हवं, भाजी हवी, डाव्या बाजूला मीठ-लिंबू-कोशिंबीरसुद्धा हवी. पान पूर्ण वाढलं गेलं तरच शाळा हात धुवायला उठू देते." हे ऐकून भलेभले गार होत. मी स्वतः पुण्यात कॉमर्सला गेलो तो तिथली रांग छोटी होती म्हणून. त्यामुळे एवढा विचार करणाऱ्या माणसासमोर मी आपला चहा पीत गप्प बसत असे. आमच्या दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या एका बारशाला तर बायका पाळण्याभोवती गाणी म्हणत असताना ह्यांनी बाळाच्या बापाला बाजूला घेतलं. "नाव काहीही ठेवा," म्हणाले, "पण सहावीत गणिताचा वरचा ग्रुप सोडू नका. तिथे घसरला तर बारावीत कॅल्क्युलस नाही, आणि कॅल्क्युलस नाही तर कॅनडा खलास." बाप बिचारा घुगऱ्या चावायचा थांबला. ते बाळ आता दुसरीत आहे आणि त्याचा बाप अजून साडूभाऊंना बघितलं की रस्ता बदलतो.

ह्या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते एका वाक्यात मावत असे: दार उघडं ठेवायचं. "आपलं इथे काय, व्हिसा आहे तोवर," ते म्हणत. "उद्या कंपनीने सांगितलं यल्ला, चला, तर भारतात. म्हणजे भारतातल्या मेडिकलचं दार उघडं हवं. इंजिनीअरिंगचंही हवं. पोरांना कॅनडाला जायचं झालं तर फ्रेंच हवं. इथेच राहिली तर अरबी हवं." हा दोन वर्षांचा व्हिसा गेली कित्येक वर्षं ते दोन-दोन वर्षांनी वाढवून घेत आले आहेत. त्यांचं लग्न ह्याच व्हिसावर झालं, मुलगी रेवा ह्याच व्हिसावर जन्मली, तिचे दुधाचे दात इथेच पडले. पण घर मात्र कायम उद्या निघायचं असल्यासारखं. टीव्हीचा खोका, मिक्सरचा खोका, वॉशिंग मशीनचा खोका, सगळे जपून ठेवलेले; पाहुणे जास्त झाले की त्यांतल्या मजबूत खोक्यांवर बसतात. भिंतीला एक खिळा नाही. घड्याळ फ्रिजच्या डोक्यावर, दत्ताची तसबीर तांदळाच्या डब्याला टेकून, लग्नाचा फोटो सोफ्यामागे उभा. "घर सोडताना भोकं भरून द्यावी लागतात," हे वरवरचं कारण. खरं कारण असं की खिळा ठोकला म्हणजे आपण राहिलो.

गंमत म्हणजे खऱ्या दाराच्या बाबतीत हेच गृहस्थ अतिशय कडक. घराचं दार क्षणभर उघडं राहिलं की आतून आवाज येतो, "दार लावा, एसी जातोय." पाहुण्यांना निरोपसुद्धा ते चार बोटांच्या फटीतून देतात. आपण लिफ्टपाशी उभे, आणि फटीतून साडूभाऊंचा एक डोळा आणि अर्धी मिशी आपल्याला "या पुन्हा" म्हणत असते.

रेवाचा आराखडा अर्थातच फ्रिजवर होता, कारण खिळा न ठोकता काही लावता येईल अशी ती घरातली एकमेव जागा. चार वर्षांचे सगळे विषय चार रंगांत: भगवा भारताचा, लाल कॅनडाचा, निळा अमेरिकेचा, हिरवा इथला. रेवा पाणी प्यायला फ्रिज उघडायची तेव्हा तिचं सगळं भवितव्य तिच्या अंगावर यायचं. ती शांत मुलगी. वडील बोलायला लागले की मान डोलवायची आणि कानात इअरफोन घालायची. एकदा मी तिला विचारलं, "ह्यातलं तुला काय आवडतं गं?" तर म्हणाली, "काका, नोबडी आस्क्ड मी दॅट बिफोर. आय'ल हॅव टू थिंक." साडूभाऊ बाजूलाच होते. म्हणाले, "आवडीचं नंतर बघू. आधी दारं."

आणि मग बारावीचं पहिलं सत्र संपता संपता शाळेतून मेल आली. रेवाच्या पानात कोशिंबीर नव्हती. कलेच्या विषयाचं अर्धं क्रेडिट कमी होतं, आणि ते जूनपर्यंत भरलं नाही तर पदवीदानाला तिचं नाव नाही. पुढे ज्या ज्या विद्यापीठांत अर्ज केले होते, त्या सगळ्यांना शाळेचा तो दाखला लागणार होता. चार देशांची दारं उघडी, आणि शाळेतून बाहेर पडायचंच दार बंद. मेव्हणीबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान. तुम्ही जरा ह्यांच्याबरोबर शाळेत जाल का? मला सुट्टी नाही, आणि हे एकटे गेले तर भांडून येतील."

ते भांडले नाहीत, हेच काळजीचं होतं. समुपदेशक बाई जॉर्डनच्या, बोलायला फार मऊ. साडूभाऊंनी पिशवीतून रेवाच्या गाण्याच्या परीक्षांची प्रमाणपत्रं काढून टेबलावर एकापुढे एक मांडली. लहानपणापासून ती दर आठवड्याला हार्मोनियमवर गाणं शिकत आली होती, मध्यमापर्यंत पोचली होती. कलेचं क्रेडिट ह्यातून होऊन जाईल असं त्यांनी नववीतच धरलं होतं. "आधीच्या सरांना मी विचारलं होतं," ते म्हणाले. "सर सेड, इन्शाल्ला." बाई हसल्या नाहीत. इन्शाल्ला म्हणजे माणसाने आपला प्रयत्न करायचा आणि बाकी देवावर सोडायचं. साडूभाऊंनी प्रयत्नही देवावरच सोडला होता, आणि ते सर आता दुसऱ्या शाळेत होते. बाहेरचं शिक्षण धरत नाहीत, असं बाईंनी पुन्हा समजावलं. तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "मॅडम, शी विल सिंग. हार्मोनियम इज इन द कार." रेवाने डोळे मिटून घेतले. मी टेबलावरच्या कॅलेंडरचा बारकाईने अभ्यास केला.

बाईंनी मार्ग काढला. दुसऱ्या सत्रात मातीकामाच्या वर्गात एक जागा होती. घोडं अडलं ते वेळापत्रकात. तो तास आणि बायोलॉजीचा तास एकाच वेळी. बायोलॉजी सोडली तर शाळेचं काही अडत नव्हतं, तिची विज्ञानाची क्रेडिट्स आधीच उतू जात होती. पण बायोलॉजी म्हणजे भगवा रंग, भारतातलं मेडिकल. "सोमवारपर्यंत कळवा," बाई म्हणाल्या, "अँड मिस्टर, आस्क हर ऑल्सो."

तो शनिवार मला आठवतो, कारण साडूभाऊंनी त्या दिवशी कोणाच्याही मुलाला काहीही सल्ला दिला नाही. आम्ही जेवायला गेलो होतो. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुलाच्या दहावीच्या विषयांबद्दल विचारायला आले, तर हे म्हणाले, "त्यालाच विचारा ना," आणि वरण-भात कालवत राहिले. माझी बायको घाबरली. तिला वाटलं ह्यांची शुगर वाढली. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा ते कोणाकडेच न बघता म्हणाले, "बायोलॉजी बाहेरून देता येईल का बघतो. दार एकदा लागलं की लागलं."

"बाबा," रेवा म्हणाली, "मी ब्लड टेस्टला पण फेंट होते. यू वेअर देअर."

"ते सवयीने जातं."

"पण मला डॉक्टर नाही व्हायचं. मला इकॉनॉमिक्स करायचंय."

"कर ना. नको कोण म्हणतंय? हे फक्त उघडं ठेवायचं. उद्या आपल्याला परत जावं लागलं तर?"

रेवाने हातातला घास ताटात ठेवला. मग तिने कधी नव्हे ते सलग आणि बरंचसं मराठीत बोलून दाखवलं. "बाबा, तुम्हीच म्हणता ना, दार उघडं ठेवलं की एसी जातो? तुम्ही सगळीच दारं उघडी ठेवलीत. आय ॲम टायर्ड, बाबा. मला कुठेच थंड वाटत नाही."

मेव्हणीबाईंनी उगाच सगळ्यांना कोशिंबीर वाढली. डक्टची डिझाइनं करण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे कबूल करणं भाग होतं, कारण शास्त्र तिच्या बाजूने होतं. हात धुऊन ते फ्रिजपाशी गेले आणि आराखड्यावरची भगवी ओळ त्यांनी स्वतः खोडली. मग फ्रिज उघडून पाणी प्यायले. इतकी वर्षं मी त्यांची चेष्टा करत आलो, पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. दुसऱ्यांच्या मुलांना ते देश सुचवायचे. स्वतःच्या मुलीसाठी त्यांनी परतीची वाटही राखून ठेवली होती, आणि ती त्यांनी आपल्या हाताने पुसली.

मातीकामात रेवाला गती अजिबात नव्हती, हे सांगायला हवं. तिचा पहिला तांब्या चाकावरून उडून शेजारच्या मुलीच्या मांडीवर पडला. सत्राच्या शेवटी तिने कसंबसं एक ताट केलं, एका बाजूला झुकलेलं, निळसर झिलईचं. त्यावर तिला अर्धं क्रेडिट मिळालं. जूनमध्ये ती काळी टोपी घालून मंचावर गेली तेव्हा साडूभाऊ सूट घालून पहिल्या रांगेत होते, आणि नाव पुकारेपर्यंतच्या वेळात शेजारच्या इजिप्शियन गृहस्थांना त्यांच्या धाकट्या मुलाबद्दल सांगत होते, "हबीबी, फाइन आर्ट्स, डू इट इन नाइन्थ. डोन्ट वेट." नाव पुकारलं गेलं तेव्हा मात्र त्यांना टाळी वाजवायचं सुचलं नाही.

रेवा हॉलंडला गेली. साडूभाऊंच्या चार रंगांत तो देश नव्हताच. तिची भांडीकुंडी मिक्सरच्या खोक्यात बसली, म्हणजे एवढी वर्षं जपलेला खोका कामाला आला, हे समाधान त्यांनी विमानतळावर तीनदा बोलून दाखवलं. गेल्या महिन्यात मी सहज त्यांच्याकडे डोकावलो. आराखडा उतरवून फ्रिज कोरा झाला होता. आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीवर, ते निळसर ताट टांगलेलं होतं.

"एवढं खाली का हो लावलंत?" मी विचारलं.

"काढून बघा," मेव्हणीबाई आतून म्हणाल्या.

ताटामागे पुरीएवढं प्लॅस्टर उडालेलं होतं, आणि मधोमध वाकडा खिळा. "कधी ठोकला नव्हता ना," साडूभाऊ म्हणाले. "आधी दोन वाकले. मग जिथे बसला तिथे बसला."

"आणि घर सोडताना?"

"सोडू तेव्हा बघू." असं उत्तर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मग ताट परत अडकवून, ते सरळ दिसेना म्हणून दोनदा हलवून ते म्हणाले, "डिसेंबरात येतेय. दारातून आत आल्या आल्या दिसलं पाहिजे तिला."

मी निघालो. लिफ्ट नेहमीसारखी कुठेतरी वर अडकली होती. मागे वळून बघितलं तर फट नव्हती. दार सताड उघडं होतं, एसी जात होता, आणि साडूभाऊ दारात उभे राहून तिथून ते ताट दिसतंय का ते बघत होते.