मोटेचं कातडं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, देवापुढंसुद्धा नाही. आता सांगतोय ते तुमचं माझ्याबद्दल बरं मत व्हावं म्हणून नव्हे — ते होणारही नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. भोरात मी मोटारी दुरुस्त करायचो. तिथल्या एका वकीलसाहेबांची जुनी मोटार गोठ्यात पडून होती; गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या. तीच मोटार त्यांना वेल्ह्याला, होणाऱ्या व्याह्यांच्या दारात न्यायची होती. काय ती ऐट! लेक उजवायची तर लेकीचे गुण सांगावेत, साहेब मोटार दाखवणार. आणि मी? मी त्यांच्याहून बढाईखोर. चार माणसांत छाती ठोकून म्हणालो, करून देतो.

इंजिन उघडलं, तर पिस्टनच्या दांड्याखालचं बेअरिंग पार झिजलेलं. नवं ओतायला कथील लागतं, आणि लढाईपायी कथील औषधालाही मिळत नव्हतं. साहेब, जमत नाही — असं म्हणता आलं नसतं का? पण जीभ रेटेल तर ना! आमच्या धंद्यात एक युक्ती होती. विहिरीच्या मोटेचं जुनं कातडं घ्यायचं, तेलात मुरवायचं आणि बेअरिंगच्या जागी त्याची पट्टी बसवायची. गाडी चालते — पण सपाटीला, रमतगमत. चढाला दामटली की कातडं जळालंच. युक्तीची मला लाज नाही, अडचणीत सगळेच करायचे. पण करणारा तसं सांगायचा. मी सांगितलं, नवं बेअरिंग ओतलंय.

गाडी चालवायला शिवऱ्याचा म्हादू होता. दुसऱ्याच्या शेतात राबता राबता मोटार शिकलेला. ही त्याची पहिली नोकरी, आणि तिचा घरादाराला कोण अभिमान! निघायच्या आधी माझ्यादेखत त्यानं इंजिनातलं तेल तपासलं. मग विचारलं, "मिस्त्री, चढाला जरा दमानं घिऊ का?"

व्हय म्हटलं असतं तर? तर शेजारी उभ्या वकिलांनी कान टवकारले असते. मी हसलो. "नव्या बेअरिंगला कसला रं दम? पळीव!"

एवढंच बोललो. एवढ्यानंच मी त्याचा गळा कापला.

मार्गासनीच्या पुढं, चढाला, इंजिन आतून ठोके द्यायला लागलं आणि बंद पडलं. वकीलसाहेब व्याह्यांच्या दारात बैलगाडीतून उतरले. दुसऱ्या दिवशी मला तिथं नेलं. मी आधी एकटाच गाडीखाली शिरलो. तेल डब्यात सोडून ओढ्याकाठी ओतून आलो, कातड्याचा जळका तुकडा फडक्यात गुंडाळून खिशात घातला — आणि मग हाका मारून सगळ्यांना बोलावलं. बघा म्हटलं, तेलाचा थेंब नाही!

म्हादूनं भांडायला हवं होतं की नाही? तेल त्यानं स्वतः बघितलेलं! पण तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, आणि म्हणाला, "मिस्त्री म्हनत्यात तर आसंल. माजंच चुकलं."

खरं सांगतो, मला त्याची कीव नाही आली. किळस आली. मेंढरू साला! स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही, आणि माझ्यासारख्या नालायकावर आहे. त्याची नोकरी तिथंच, त्या रस्त्यावर गेली. पुढं कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. परत दुसऱ्याच्या शेतात गेला.

बऱ्याच दिवसांनी भोरच्या बाजारात दिसला. मी तोंड चुकवत होतो, तोच गर्दीतून वाट काढत आला. "माज्यापायी तुमच्या कामाला बट्टा लागला," म्हणाला, "मनात ठिवू नका." आणि भर बाजारात वाकून माझ्या पाया पडला.

मी काय केलं असेल?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे, म्हादू. केलं तुला माफ."