बांगडीच्या मापाचा चिमटा

आम्ही कासार. आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. तर त्या दिवशी माझ्या टोपलीतल्या निम्म्या बांगड्या वाढल्या होत्या. मुरुडहून सायकलवर शेतातल्या एका वस्तीवर गेले होते, लग्नघरच्या बायकांना बांगड्या भरायला. फडकं सोडलं तर आत हिरवी खडीसाखर. नवरीची आजी बघतच राहिली. म्हणाली, "बाई, नवरीचा चुडा आम्ही लातूरहूनच आणतो बघ." मी म्हणाले, "आजी, चुड्याला मीच येणार. एकबी वाढलेली निघाली तर पुन्हा तोंड दाखवणार न्हाई." म्हणून तर बसले, आणि फडकं पुन्हा बांधलं.

सायकल नातीची. जाड टायरची, डोंगरात चालवायची म्हणतात ती. ती शिकायला गेली आणि मी साठीत पॅडल मारायला लागले. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला शॉकअप होता, पण तो गंजून गच्च झालेला. रस्त्यातला दगड न् दगड थेट टोपलीत. आमचे मालक, नातीचे आजोबा, म्हणाले, "बस झाली आता फेरी. दुकानात बस, गिऱ्हाईक येतंय की पायानं." आता दुकानात बसून कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस व्याली, हे मला कोण सांगणार?

गावातल्या सायकलवाल्यानं जुना चिमटा काढला आणि सांगितलं, "दुसराच आणा. पण ह्या फ्रेमच्या मानेतून पाईप वर निघाला पाहिजे, आणि खाली हेच सव्वीसचं चाक बसलं पाहिजे." पाईपच्या जाडीचं मला काय अवघड! बारशाला तान्ह्या लेकराला घालतात ती इवलीशी बांगडी पाईपवर घातली. चपखल. ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि नांदेडची एसटी धरली.

नांदेडला नणंद राहते. तिनं स्टँडवरच गळ्याकडं बघितलं. "वहिनी, ह्या वयात बारसं कुणाचं?" तिथून जे हसायला लागलो ते सायकलीच्या सामानाच्या दुकानापर्यंत. दुकानदार मोठा सभ्य माणूस. जुन्या सायकलींचे चिमटे आढ्याला टांगलेले, जशा कोंबड्यांच्या तंगड्या. मी गळ्यातली बांगडी काढली आणि एकेकाला घालून बघायला लागले. एका पाईपवर वरून छान उतरली आणि खाली अडकली. "हा खाली जाड आहे मावशी," दुकानदार म्हणाला, "तुमच्या फ्रेमच्या मानेत नाही जाणार." मी म्हणाले, "भाई, अशा हाताच्या बायका रोज येतात माझ्याकडं. साबण लावला की जाते." नणंद खाली स्टुलावर बसली, हसून हसून पदर तोंडात.

शेवटी सव्वीसच्या चाकाचे दोन राहिले, एक लाल, एक काळा. बांगडी दोघांना सरसर गेली. दाबून बघितले, दोन्ही खाली जाऊन वर येत होते. नणंदेनं दोन्ही हात टेकून लालवर असा भार टाकला की दुकानदारच पुढं धावला. "हाच घे वहिनी, नवरीचा रंग हाय." मी पिशवी उघडणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "पाईप किती लांब पाहिजे? हे दोन्ही कापलेले आहेत."

मी हातातली बांगडी त्याच्यापुढं धरली. "भाई, बांगडीला लांबी कुठं असते?"

"आख्खा जुना चिमटाच आणायचा होतास की," नणंद म्हणाली.

"तुझ्या दारात लोखंड घेऊन येऊ?"

मालकांना फोन लावला. धाकधूक होतीच, त्यांना तर फेरी बंदच करायची होती. "जुना पाईप किती लांब हाय, जरा बघता का?" पलीकडं खण उघडल्याचा आवाज. मग, "टेप सापडंना. थांब." मग काचेची किणकिण. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आपल्या साध्या हिरव्या घातल्या पाईपवर. तीन डझनात वरपर्यंत भरला."

नणंदेकडं मी रिकाम्या हातानं कधी जात नाही. पिशवीत तिच्यासाठी तशाच हिरव्या तीन डझन होत्या. लालवर चढवायला घेतल्या. पाईप संपला, नणंदेच्या हातात मूठभर उरल्या. तिचं तोंड उतरलं. काळ्यावर चढवल्या. सगळ्या मावल्या आणि वर बोटभर पाईप उरला. दुकानदारानं पट्टी लावून खात्री केली. "जास्तीचा कापता येतो मावशी, कमीचा ओढून लांब करता येत नाही." मग त्या काचेनं भरलेल्या काळ्या चिमट्याकडं बघून तोही हसायला लागला. म्हणाला, "सासरी चालला."

काळा चिमटा सायकलीला बसला, आणि चुड्याच्या दिवशी टोपली मालकांनीच बांधली. गाठ मारताना एवढंच म्हणाले, "हळू जा." मी कुठली हळू जाते. नाला आला, चिमटा खाली बसला, वर आला, माझ्या पोटात गुदगुल्या. वस्तीवर आजी दारातच उभी. फडकं स्वतः सोडलं, एकेक बांगडी उजेडात धरून बघितली, वाजवून बघितली. मग नवरीला हाक मारली आणि माझ्यापुढं पाट सरकवला.

परत येताना टोपली रिकामी होती. सपाट वाट सोडून मी मुद्दाम दगडांतून आले.