आर्डिथबाईंची राखीव जागा

आर्डिथ क्लोस या बाईचं नाव तिच्या हयातीतच दगडावर कोरलेलं आहे. नवरा वेंडेल गेला तेव्हा एल्म फोर्क गावच्या चर्चमागच्या दफनभूमीत जोडीचा दगड बसवला. डावीकडे तो, उजवीकडे ती. तिचं जन्मसाल, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा. दर रविवारी प्रार्थना आटोपली की ती फडकं घेऊन निघायची. मला म्हणायची, "माझी खोली पुसून येते गं."

एकतीस वर्षं ती चर्चची चिटणीस. कुणी दुसऱ्या चर्चमध्ये गेलं की त्याच्या सदस्यत्वाचं पत्र हीच टाइप करून तिकडे आणि आमच्या चर्चच्या वरच्या मुख्य संस्थेच्या कचेरीतही धाडणार. पत्र गेल्याशिवाय माणूस गेला असं आमच्याकडे धरत नाहीत, मग तो दारात उभा राहून शिव्या का देत असेना.

मग भांडण लागलं. मुख्य संस्थेने एक धर्मनियम बदलला. नियम वाचला चौघांनी, चिडले सगळे. मतदान झालं: संस्थेतून बाहेर पडायचं. एकसष्ट हात वर गेले, विरोधात अठ्ठावीस. बाहेर पडणाऱ्यांचा पुढारी डेल हॉस्टेटर शेजारीच बसलेला, त्याने हात वर केला म्हणून आर्डिथबाईनेही केला.

मी घसा फोडून सांगत होते, "अरे, आधी जमिनीचा कागद वाचा!" मी कायदा कॉलेजात नाही, सार्वजनिक वाचनालयात शिकले, आणि त्या जोरावर सात घरमालकांना कोर्टात लोळवलंय. डेल म्हणाला, "बाई, हे छप्पर माझ्या आजोबांनी घातलंय. देवाला कागद लागत नाही."

देवाला नसेल लागत, न्यायाधीशाला लागला. त्यात जुन्या काळीच लिहून ठेवलेलं: ही मालमत्ता मुख्य संस्थेच्या वतीने सांभाळायची. तरी वर्षभर वकिलांनी एकमेकांवर बायबलमधली वचनं फेकली. पुरलेल्या माणसांना दोन्ही पक्षांनी आपल्याच बाजूचं धरलं. त्यांनी हरकत घेतली नाही. निकाल लागला: इमारत, घंटा, दफनभूमी, सगळं संस्थेचं. आणि संस्थेने पाटी लावली: इथे फक्त सदस्यांनाच पुरलं जाईल.

आमचे शूर वीर बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात प्रार्थना करू लागले. आर्डिथबाई मागच्या रांगेत बसायची.

"एक्केचाळीस वर्षं त्याच्या उजव्या हाताला झोपले," ती मला म्हणाली. "आता मेल्यावर परक्या माणसाशेजारी निजू?"

माझं डोकं सणकलं. तिला घेऊन संस्थेच्या कचेरीत धडकले, टेबलावर मूठ आपटली. तिथल्या वकिलाने शांतपणे यादी चाळली.

"क्लोस? या सदस्य आहेत की. यांचं पत्र आलंच नाही."

बाकी साठ जणांची पत्रं तिने स्वतः टाइप करून टपालात टाकली होती. स्वतःचं तेवढं राहिलं. माझी मूठ फुकट गेली.

रविवारी डेलने तिला भर दुकानात गाठलं. "आर्डिथ, तू फितूर?"

"विसरले होते रे."

"मग आता लिही!"

"आता आठवलंय, म्हणूनच लिहीत नाही." तिने पर्समधून फडकं काढलं. "आणि डेल, तुझ्या आईचा दगडही पुसते हं. तुला आता तिच्याशेजारी कोण ठेवून घेणार?"


बाई खोली पुसायला गेली.