राणीचा भाऊ गारगोटीला

तोंडाशी आलं की मी नेहमी विषय बदलायची. नवऱ्यापाशी, मैत्रिणींपाशी — कुणापाशीच हे बोलले नाही. आज तुमच्यापाशी बोलते. अजून भीती वाटते, म्हणून अडखळत बोलेन.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात भाषाशास्त्र शिकत होते. माणसं गप्पा कशा मारतात, गोष्ट कुठून सुरू करतात, कुठं थांबतात — हा माझा अभ्यास. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं गोष्टीला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं, तर सांगणारा पुढं जातो. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. एवढ्याशा 'हं'वर मी प्रबंध लिहायला निघाले होते!

जवळच्याच गडमुडशिंगी गावात हौसाक्का गोष्टी फार छान सांगायची. माझ्याहून काही फार मोठी नव्हती. त्या दुपारी ती चुलीपाशी शेंगा फोडत होती, नवरा बाहेर सोप्यात तंबाखू मळत बसलेला. तिनं राणीची गोष्ट काढली. राजा राणीला मारायचा, उपाशी कोंडून ठेवायचा. मी आपली हं हं करत होते. मग राणी कौलावरच्या कावळ्याशी बोलू लागली.

"जा रं बाबा," हौसाक्का हलकेच म्हणाली, "गारगोटीला माझा भाऊ हाय. स्टँडसमोर सायकलीचं दुकान हाय त्याचं. त्याला म्हणावं, येऊन मला घिऊन जा. हितं मी जगत न्हाय."

राणीच्या भावाचं सायकलीचं दुकान? मी मान वर केली. तिच्या हातातली शेंग तशीच होती. ती माझ्या 'हं'ची वाट बघत होती. आणि बाहेर तंबाखू मळायचा आवाज थांबला होता — त्यानं ऐकलं होतं का? तो आत आला तर? मला विचारलं तर?

मी काय केलं, सांगू? हसले. सोप्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." तिची गोष्ट मीच मिटवून टाकली. ती पुन्हा शेंगा फोडू लागली.

दिवाळीनंतर गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "हौसाक्का व्हय? हिरीत पडली की. पाय घसरला म्हणत्यात."

मी 'हं' म्हटलं. तिथं मात्र म्हटलं.

प्रबंधात ती गोष्ट आहे — ऐकणाराही गोष्ट संपवू शकतो, याचा दाखला म्हणून. परीक्षकांना तो फार आवडला. पुढं कितीतरी वर्षं मी वर्गात तोच शिकवला.

भित्री होते मी. त्या दुपारी गडमुडशिंगीहून परतले, कोल्हापुरात शाहूपुरीच्या स्टँडवर उतरले, तेव्हा समोर गारगोटीची एसटी उभी होती. कंडक्टर माणसांना हाका मारत होता. जागा रिकाम्या होत्या. मी घरी गेले.