मावशींचा डावा गाल

आमच्या घरमालकीणबाईंना गप्प बसवेल असा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात नव्हता, आणि बाहेरून कुणी आलाच असता तर सुकापूरच्या थांब्यावरूनच परत गेला असता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. नव्वदच्या सुमारास पनवेलच्या शाळेत नोकरी लागली आणि मी बायकोसह सुकापूरला त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आलो. त्या साठीच्या होत्या. उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेलेली, फावड्यासारखे पंजे, आणि आवाज पार बांधापलीकडे ऐकू जाणारा. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं. मावशी भांडायच्या, पण रागाने नव्हे, तब्येतीला बरं म्हणून. सकाळी नळावर, दुपारी मासळीवालीशी, संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी. माझ्या बायकोला पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकवलं, "मास्तरीनबाई, कालवनात चिंच कमी पडली. रुसू नका. मी उद्या पन सांगनार हाय."

अशा या बाईच्या डाव्या गालात एक दिवस कळ शिरली. तोंड धुताना हात लागला, भाकरीचा घास चावला, नुसती खाडीकडची झुळूक आली, तरी विजेची तार लागावी तशी कळ कानापासून ओठापर्यंत जायची. मावशी ओरडायच्या नाहीत. बोलता बोलता थांबायच्या, पडवीचा खांब घट्ट धरायच्या आणि समोरच्याला एक बोट वर करून दाखवायच्या. म्हणजे, थांब, माझं संपलेलं नाही. कळ ओसरली की वाक्य तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू. एकदा नळावरच्या भांडणात शेजारणीने ही संधी साधली आणि हंडा उचलून ती पळाली. मावशी कळ संपल्याबरोबर तिच्या दारात गेल्या आणि उरलेलं अर्धं वाक्य पोचतं करून आल्या.

सगळ्यांना वाटलं, दाढच असणार. पनवेलच्या एका दातांच्या डॉक्टरने एकामागून एक तीन दाढा काढल्या. कळ जागच्या जागी. मग मावशींनी रुमालात बांधून नेलेल्या तिन्ही दाढा त्याच्या टेबलावर मांडल्या. "यातली आजारी कंची, ती दाखवा. नाय तर परत बसवून द्या." कुणी दृष्ट लागली म्हणालं, तर म्हणाल्या, "माझ्याकडं नजर वर करून बघितलाय कुनी, लागायला?"

पण वर्षभरात त्या वाळल्या. जेवण म्हणजे गार पेज, तीही उजव्या बाजूने. शेवटी मी आणि त्यांचा मुलगा त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. डोक्याचे फोटो निघाले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "आजी, इथे रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. जन्मापासूनचा. चेहऱ्याची नस त्याच्याखाली दबलीये. दर ठोक्याला तिच्यावर मार बसतो."

"जन्मापासून हाय?" मावशी उसळल्या. "मंग साठ वर्सं का गप बसला होता? म्हातारी व्हायची वाट बघत होता?"

आधी गोळ्या झाल्या. कळ थोडी दबली, पण मावशी चालताना झोकांड्या खाऊ लागल्या. मग डॉक्टरीणबाईंनी दुसरा उपाय सांगितला. मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट डोक्यापर्यंत न्यायची आणि त्या गुंत्यात एक प्रकारचा गोंद सोडून तो बंद करायचा.

"दुखतंय गालात, नि शिरनार मांडीतून? पनवेलातून सुकापूरला यायला कुनी पार समिंदराकडच्या मोऱ्याच्या धक्क्यावरनं येतं काय?"

"आत जायला तोच रस्ता बरा आहे, आजी," डॉक्टरीणबाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "धोका आहे. आत रक्तस्राव झाला तर वाचा जाऊ शकते. जीवही."

मुलगा तिथेच रडायला लागला. "आये, नको. घरी चल. गोल्या खा."

मावशींनी त्याला एक बोट वर करून दाखवलं. वाचा जाऊ शकते, हे त्यांना जिवापेक्षा जास्त लागलं असावं. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू रडून घे, तवर मी सही करतें." नर्सने अंगठ्यासाठी शाई पुढे केली, ती त्यांनी सरकवून दिली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही त्यांनी कागदावर तिरकी, मोठी, दोन ओळी अडवून केली. "घाबरून जगायचा असंल तर ही कल काय वाईट हाय?"

दोन खेपांत ते काम झालं. पहिल्या खेपेनंतर शुद्धीवर आल्या, तेव्हा आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होतो. ओठ हलले. "मास्तर, शाला बुडवून हितं काय करताय?" मुलगा पुन्हा रडला, या वेळी मीही.

गुंता सगळा गेला नाही, थोडा राहिलाच. पण कळ गेली, आणि जाताना डाव्या गालाची जाण घेऊन गेली. त्याच वर्षी आम्हाला मुलगी झाली. ती मावशींच्या मांडीवर बसून दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा थोपटायची. बायको तिला आवरायला धावली, तर मावशींनी अडवलं. "मारू दे. कलत काय नाय त्या बाजूला, पन दुखत बी नाय."

काही वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी मावशींनी सामान बांधणाऱ्यांना शेवटपर्यंत शिव्या घातल्या. मग मुलीला उचललं. तिने डाव्या गालाचा पापा घेतला, तशा त्या थोड्या थांबल्या, मान वळवून उजवा गाल तिच्यापुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "हितं घे गं बाय. हितं कलतंय मला."